डेर, डी, डास मराठी डोक्याने कसं लक्षात ठेवायचं

जर्मनमध्ये प्रत्येक नामाआधी लिंग दाखवणारा एक छोटा शब्द, म्हणजे आर्टिकल, लागतो: पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला डास. त्यामुळे जर्मन शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, टेबल पुरुष का आणि दिवा बाई का. इंग्रजीवाल्याने विचारलं तर समजू शकतो, त्याच्याकडे सगळ्यालाच एक द लावलं की झालं, पण आपण कुठल्या तोंडाने विचारणार? आपल्याकडे खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो, आणि का म्हणून विचारलं तर "तसंच असतं" म्हणून आपण मोकळे. हिंदीवाल्यांकडेही दोनच खण आहेत, तिसरा नपुंसकलिंगाचा खण आपल्याला घरातूनच मिळालाय, त्याचा फायदा घ्या ना.

पण एक खड्डा आधीच सांगते, मराठीतलं लिंग उचलून तिकडे नेऊ नका. सुरुवातीला फार मस्त जुळतं, ते पुस्तक म्हणजे डास बूख, ते घर डास हाउस, ते पाणी डास वासर, ते मूल डास किंड, माणूस खूष होतो आणि मग खिडकी निघते डास फेन्स्टर, दार डी ट्यूर, खुर्ची डेर श्टूल, आणि आपला सूर्य चक्क बाई, डी झोने. मी पहिल्या महिन्यात असंच अंदाजाने चालवलं, वर वहीत शब्द लिहिताना नुसतं "टिश = टेबल" लिहीत गेले, आर्टिकल नाहीच. नंतर ती अख्खी वही परत लिहावी लागली. तेव्हा पहिला नियम हाच, आर्टिकल नसलेला शब्द वहीत घ्यायचाच नाही. टिश हा शब्दच नाही, शब्द आहे डेरटिश, एका दमात. आणि लगेच अनेकवचनही सोबत, डेर टिश, डी टिशे, कारण तेही असंच मनमानी असतं.

आता खरी युक्ती. खुर्ची ती आहे हे तुम्हाला लहानपणी कुणी शिकवलं? कुणीच नाही, "मोठी खुर्ची", "तुटकी खुर्ची" असं हजार वेळा कानावर पडलं. मराठीत आर्टिकल नाहीच, लिंग आपल्याला विशेषणाच्या शेपटीवरून कळतं, मोठा, मोठी, मोठं. जर्मनमध्येही तीच शेपटी आहे, आइन ग्रोसर टिश, आइने ग्रोसे लाम्पे, आइन ग्रोसेस बूख (एक मोठं टेबल, एक मोठा दिवा, एक मोठं पुस्तक), नीट ऐका, शेवटचे आवाज बघा, डेरचा र, डीचा लांब स्वर (तो जरा आखडतो), डासचा स. म्हणून मी प्रत्येक नवीन शब्द एका विशेषणासोबत मोठ्याने तीनदा म्हणते, आणि विशेषण जरा वेडं घेते, रडका चमचा, चिडकी वही असं. डेर लोफल म्हणजे चमचा, आइन मूडर लोफल, दमलेला चमचा. एकदा असं म्हटलं की तो चमचा परत डास होत नाही.

कार्डं करत असाल तर रंग वापरा, डेर निळा, डी लाल, डास हिरवा, बरेच लोक हेच रंग घेतात पण तुम्हाला आवडतील ते घ्या, फक्त मधेच बदलू नका.

शेपट्यांवरून आणखी खूप सुटतं आणि हे पाठ करण्यात खरंच पैसे वसूल आहेत. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन, टेट यांनी संपणारे शब्द डी: त्साइटुंग म्हणजे पेपर, वोनुंग म्हणजे फ्लॅट, रेशनुंग म्हणजे बिल, फ्राइहाइट, उनिवर्झिटेट. इस्मुस किंवा लिंग (ही जर्मन शेपटी, आपलं व्याकरणातलं लिंग नव्हे) यांनी संपणारे डेर, जसं फ्र्यूलिंग म्हणजे वसंत. शेवटी नुसता ए असेल तर बहुतेक वेळा डी, लाम्पे, काट्से, ब्लुमे, पण डेर नामे, डेर केझे, डास आउगे, डास एंडे हे बंडखोर वेगळे लिहून ठेवा. क्रियापदच नाम म्हणून वापरलं तर डोळे झाकून डास, डास एसन, डास श्विमन, जसं आपलं खाणं, पोहणं, तेही नपुंसकच की. आणि लांबलचक जोडशब्द दिसला की घाबरायचं नाही, शेवटचा डबा बघायचा, इंजिन तिथेच असतं. हाउस डास आहे पण हाउसट्यूर डी, कारण ट्यूर डी, आणि हाउसश्लुसल म्हणजे घराची किल्ली डेर, कारण श्लुसल डेर.

मग येतं शेपटीतलं शन. याने संपणारं सगळं लाडाचं, छोटं, आणि सगळं डास. इथेच सगळे हसतात, मुलगी म्हणजे डास मेडशन, मुलगी नपुंसक कशी. माझं आजोळ मालवणकडचं, आजी अंगणातून ओरडायची "ता चेडू खंय गेला?", म्हणजे चेडू, ती मुलगी, मालवणीत ता म्हणजे ते आणि गेला म्हणजे गेलं, अख्खं नपुंसक. त्यामुळे मला मेडशन कधी पाठ करावंच लागलं नाही. आणि कोकणातलं सोडा, लेकरू, कोकरू, वासरू, शिंगरू, पिल्लू, आपल्याकडे जे लहान आणि गोड ते सगळं ते. आता जर्मन बघा, वासरू डास काल्ब, कोकरू डास लाम, शिंगरू डास फोलन, कोंबडीचं पिल्लू डास क्यूकन. कुत्र्याचं पिल्लू तेवढं दगा देतं, डेर वेल्पे. एवढं जुळतं तर हे वर्गात पहिल्या दिवशी का सांगत नाहीत मला कळत नाही.

गटांवरूनही थोडं सुटतं. वार, महिने, ऋतू डेर. पाऊस, बर्फ, वारा डेर. फळं बहुतेक डी पण सफरचंद डेर आपफल. दारू बहुतेक डेर पण बीअर मात्र डास, का ते विचारू नका, बीअर पिणाऱ्यालाही माहीत नसतं. गाड्यांचं मला फार आवडतं, बीएमडब्ल्यू चारचाकी असेल तर डेर, मोटारसायकल असेल तर डी, नाव एकच. आणि काहीच सुचत नसेल तर डी मारा, डूडेन कोशाच्या हिशोबाने साधारण 46 टक्के नामं डी, 34 डेर आणि 20 च्या आसपास डास, निदान शक्यता तरी तुमच्या बाजूने.

काही शब्दांत मात्र लिंग चुकलं की अर्थच बदलतो. डेर झे म्हणजे तळं, डी झे म्हणजे समुद्र. डेर लाइटर म्हणजे प्रमुख, डी लाइटर म्हणजे शिडी. डास श्टॉयर म्हणजे गाडीचं स्टीअरिंग, डी श्टॉयर म्हणजे टॅक्स.

हे सगळं एवढं का करायचं तर पुढे विभक्ती येते म्हणून. आपल्याकडे नाम स्वतः वाकतं, घोडा घोड्याला, घर घराला, त्यांच्याकडे नाम बहुतेक ताठ उभं राहतं आणि आर्टिकल वाकतं. कर्म झालं की फक्त डेरचा डेन होतो, बाकी दोघं तशीच. आणि मिट म्हणजे "ने, बरोबर" आलं की डेर आणि डास दोघंही डेम, आणि डीचं होतं, हसू नका, डेर. मिट डेम बुस म्हणजे बसने, मिट डेर बान म्हणजे ट्रेनने. बान डीच आहे, कपडे डेरचे घातलेत. त्यामुळे नुसतं ऐकून लिंग ओळखायला जाल तर फसाल, ए-वनची, म्हणजे पहिल्या पातळीची पोरं इथेच सगळी पडतात, विभक्तीला हात लावायच्या आधी निदान दोनशे रोजचे शब्द आर्टिकलसकट पक्के हवेत.

आणि जर्मन लोकांचंही एकमत असतं असं समजू नका. मी डी बुटर (लोणी) एवढं घोटून घोटून पाठ केलं आणि श्टुटगार्टमध्ये शेजारच्या आजी सरळ डेर बुटर म्हणतात, तिकडच्या बोलीत तसंच आहे. योगर्ट डेरही चालतं, डासही. आपल्याकडे नाही का, एकाचा तो पेन, दुसऱ्याचं ते पेन आणि तिसऱ्याची ती पेन.

अगदी दुकानात काउंटरसमोर अडलात तर अनेकवचन करा, अनेकवचनात सगळे डी आणि आकडा लावला तर आर्टिकलच लागत नाही. मला ब्रेत्सेल (तो गाठ मारलेला पाव) डी आहे हे कळेपर्यंत आइन की आइने यात जीभ अडकायची, मागे रांग, त्यामुळे मी रोज सकाळी बेकरीत "त्स्वाय ब्रेत्सेल्न, बिटे", म्हणजे दोन ब्रेत्सेल द्या, म्हणायचे आणि दोन घेऊन यायचे. जवळजवळ दोन महिने. दुसरी ट्रेनमध्ये खायचे.