आलेख छान, पण आकडे कुणाचे? शाळेतल्या सेन्सर-प्रयोगांतल्या या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात ‘छपराचा रंग आणि घरातलं तापमान’ हा प्रयोग दरवर्षी एका तरी टेबलावर असतोच. पुठ्ठ्याची दोन खोकी, एकाचं छप्पर काळं, दुसऱ्याचं पांढरं, वर टेबललॅम्प, आत एकेक डीएचटी११ (तापमान मोजणारा सेन्सर) आणि मध्ये आर्डुइनो उनो (सेन्सर वाचणारा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड). लॅपटॉपवर दोन रेषा, त्यांच्यात ३ अंशांचं अंतर, आणि तक्त्यावर ठळक अक्षरांत निष्कर्ष: पांढऱ्या छपरामुळे घर ३ अंशांनी थंड राहतं.

मग एखादा जाणता परीक्षक म्हणतो, सेन्सरची अदलाबदल करून दाखवा. अर्ध्या तासाने पांढरं खोकं २ अंशांनी गरम दिसायला लागतं आणि मुलं एकमेकांकडे बघतात. गणित सोपं आहे. आधीचा फरक ३, अदलाबदलीनंतरचा उणे २, दोन्हींची सरासरी अर्धा अंश. छपराचा वाटा एवढाच, उरलेले अडीच अंश सेन्सरचे. डीएचटी११च्या माहितीपत्रकातच तापमानाची अचूकता २ अंश कमी-जास्त अशी दिलेली असते. म्हणजे एकाच खोक्यात शेजारी ठेवलेले दोन सेन्सर ४ अंशांनी वेगळे बोलले तरी दुकानदाराच्या लेखी दोन्ही चांगलेच. त्यात बहुतेक डीएचटी११ पूर्ण अंशांतच वाचतात, त्यामुळे तो उरलेला अर्धा अंशही फारसा भरवशाचा नाही.

तुलना करायची असेल तर डीएचटी११ बाजूला ठेवा आणि स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घ्या. उणे १० ते ८५ अंशांत त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आसपास असते (असली चिप असेल तर, बाजारात नकलाही भरपूर आहेत). तरीही प्रयोगाआधी सगळे प्रोब (नळीतले सेन्सर) रबरबँडने एकत्र बांधून एकाच पातेल्यातल्या पाण्यात १० मिनिटं धरायचे. टोकं मधोमध हवीत, तळाला किंवा कडेला टेकलेली नकोत. अधूनमधून ढवळायचं आणि कोण किती वर-खाली वाचतो ते चिकटपट्टीवर लिहून त्याच्याच तारेला लावायचं. वहीत लिहिलेला फरक महिन्याभरात हरवतो, तारेवरचा हरवत नाही.

शून्य तपासायला बर्फाचा चुरा हवा, त्यात तो जेमतेम ओला होईल एवढंच पाणी. ग्लासभर पाण्यात तरंगणारे चार खडे चालत नाहीत. उकळत्या पाण्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळपास. पुस्तकात १०० लिहिलंय म्हणून प्रोग्रॅममध्ये ‘अधिक २’ टाकणं म्हणजे बरोबर सेन्सर हाताने बिघडवणं.

डीएस१८बी२०च्या आलेखात मध्येच ८५.०० किंवा उणे १२७ दिसलं, तर ती निसर्गाची किमया नाही. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होण्याआधी तो ८५ हाच आकडा देतो. वीज मध्येच क्षणभर तुटली की ८५ पुन्हा उगवतो. उणे १२७ म्हणजे लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) सांगतेय की सेन्सर सापडला नाही. ब्रेडबोर्डमधली (तारा खोचायच्या पाटीतली) सैल तार बघा आणि डेटाची तार व ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते बघा. ‘रेझिस्टरशिवायही चालतं’ असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. टेबलावर, अर्ध्या मीटरच्या तारेवर, एखादवेळी चालतंही. असे आकडे गाळणीने काढून टाकून आलेख गुळगुळीत करण्याआधी जोडणी दुरुस्त करा.

दुसरी लाडकी चूक रात्रभराच्या नोंदींची. संध्याकाळी लॉगर (मेमरी कार्डवर आकडे नोंदणारी जोडणी) लावला, दिवा लुकलुकला, सगळे घरी गेले. सकाळी कार्डवर शून्य बाइटची फाइल. याची कारणं बहुतेक वेळा दोनच. पहिलं, पॉवर बँक. उनो ५०-६० मिलिअँपिअर घेतो. तेवढ्याशा प्रवाहाला अनेक पॉवर बँक ‘मोबाइल भरला’ समजून थोड्याच वेळात बंद पडतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी हा त्यावरचा उपाय नाही, ती रात्रही काढत नाही. भिंतीवरचा मोबाइल चार्जर वापरा, आणि वीज जात असेल तर पेन्सिल सेलच्या आकाराचे सहा अल्कलाइन सेल खोक्यात बसवून उनोच्या गोल सॉकेटला जोडा. दुसरं कारण, फाइल एकदा उघडून तशीच ठेवलेली. प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद केली किंवा फ्लश केली (साठलेले आकडे लगेच कार्डवर लिहायला लावले) तरच आकडे कार्डवर पक्के बसतात. मिनिटाला एक नोंद असेल तर याने काहीही मंदावत नाही, तेव्हा वेगाची सबब नको. रात्रीची मोहीम लावण्याआधी त्याच तारा, त्याच बॅटरीवर तासभर चालवून कार्ड लॅपटॉपमध्ये घालून बघा. हा एक तास द्यायला कुणी तयार नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं मांडायला मात्र असतात.

वेळेसाठी उनोच्या पोटातल्या घड्याळावर विसंबू नका. ते दिवसाला काही मिनिटं सहज चुकतं, वीज गेली की शून्यावर येतं, आणि लॅपटॉपवर सिरियल मॉनिटर (उनोने पाठवलेले आकडे दाखवणारी खिडकी) उघडला तरी उनो नव्याने सुरू होतो. डीएस३२३१ घड्याळ लावा. त्यात वेळ भरून झाली की वेळ भरणारी ओळ काढून प्रोग्रॅम पुन्हा अपलोड करा; नाहीतर वीज आल्यावर दरवेळी घड्याळ प्रोग्रॅम तयार झाला त्या क्षणाकडे परत जातं.

बाकीच्या थोडक्यात. प्रोब पाण्यात बुडवल्यावर मिनिटभर आणि हवेत निदान दहा मिनिटं थांबा, मगच नोंदी धरा. बाहेरचं तापमान उन्हात मोजू नका. तिथे सेन्सर स्वतःच तापतो. मातीतल्या ओलाव्याच्या दोन दातांच्या सेन्सरला सतत वीज दिली तर दात गंजून जातात: डिजिटल पिनवरून वीज द्या आणि वाचन झालं की बंद करा, नाहीतर कपॅसिटिव्ह प्रकारचा (उघडे दात नसलेला) घ्या. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर असेल तर उनोचा १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ (मोजमापाची वरची मर्यादा) निवडा. ५ व्होल्टवर एकेक पायरी जवळपास अर्ध्या अंशाची पडते. अल्ट्रासॉनिक सेन्सरने अंतर मोजताना ध्वनीचा वेग ३४० ठोकून देऊ नका, ३० अंशांना तो ३४९ मीटर प्रतिसेकंद असतो. पीएचचा प्रोब डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा.

आणि फाइलमध्ये तारीख लिहायची तर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. दिवस आधी लिहिला आणि संगणक अमेरिकन पद्धतीवर असला, तर एक्सेल ५ जूनला ६ मे समजतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तारीख म्हणून ओळखतच नाही. आलेख १२ तारखेला का तुटतो, याचं उत्तर सर्किटमध्ये शोधत बसू नका.