तरंग्यावर मॅकरेल धरताना खोली बदलत राहावी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळ्यात मॅकरेलचे थवे लहान माशांच्या मागे धक्क्यांच्या अगदी जवळ येतात, आणि पिसे लावलेल्या गळांची माळ फेकण्यापेक्षा तरंग्याखाली, म्हणजे दोरीवरच्या पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली, एकच गळ सोडून ते धरणे मला अधिक समाधानाचे वाटते. आपल्या बांगड्याचा हा भाऊबंद तळाशी न बसता मधल्या पाण्यात वरखाली फिरतो, म्हणून दोरीवर सरकणारा तरंगा घ्यावा. त्याच्या वर एक मणी आणि मण्याच्या वर दोऱ्याची सरकती गाठ असते. सरकणारा तरंगा या गाठीपाशी अडतो, म्हणून ती वरखाली केली की आमिषाची खोली बदलते. गाठ ओली करूनच आवळावी आणि तिची टोके सुमारे १ सेंटिमीटर राखावीत, कारण अगदी आखूड कापलेली ताठ टोके फेकताना काठीच्या कड्यांना अडतात. सुरुवात सुमारे ३ मीटरवर करावी. काही वेळात मासा लागला नाही, तर गाठ अर्धा-एक मीटर सरकवावी.

आमिषासाठी मॅकरेलच्याच पोटाकडील चकचकीत कातडीची बोटाएवढी अरुंद पट्टी उत्तम, मात्र ती एका टोकालाच आणि एकदाच टोचावी, कारण दोनदा टोचलेली पट्टी गोळा होते व पाण्यात फडफडत नाही. तरंगा बुडाल्यावर हिसका न देता दोरी ताणून घ्यावी. या माशाचे तोंड नाजूक असते. खाण्यासाठी ठेवायचा मासा लगेच मारून, रक्त काढून बर्फात ठेवावा, कारण उन्हात तो फार लवकर बिघडतो.