पांढरीवरचं खापर हाती लागलं, तर

लहानपणी आमच्या ठिकऱ्या पांढरीवरूनच, म्हणजे गावाशेजारच्या जुन्या वस्तीच्या उंचवट्यावरूनच यायच्या. पातळ, लाल खापर बोटांत असं बसायचं की फेकलेली ठिकरी घर चुकायची नाही. त्यावर काळ्या रेघा असायच्या, त्या खेळून खेळून आम्हीच पुसल्या. आता हळहळ वाटते, पण उपयोग काय!

आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मिरगाआधी माळवदावर टाकायला बाबा पांढरी माती आणायचे, त्याच उंचवट्यावरून. काळी म्हणजे शेत, पांढर म्हणजे वस्ती. मातीच्या भिंती पडून, राख-शेण मुरून शेकडो वर्षांत तो उंचवटा होतो.

दोन-तीन पाऊस झाले की सकाळी जा. खापरं धुऊन आपसूक वर आलेली असतात. सोबत पाण्याची बाटली, जुना टूथब्रश आणि मापाला एक रुपया. टिकाव-खुरपं घरीच ठेवा. उकरायचं नाही म्हणजे नाही.

खापर उचललं की आधी मोडकी कड बघा. मग आतून बोट फिरवा. बारीक समांतर रेघा लागल्या तर भांडं चाकावरचं. नखानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं, अंग पातळ आणि लाल असलं, तर पाण्याचा हात फिरवा. कोरडेपणी न दिसलेली काळी जाळी, तिरप्या रेघा अलगद उमटतात. ही जोर्वे खापरं, संगमनेरजवळच्या गावाच्या नावाची, साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातली. पैठणजवळ आपेगावच्या उत्खननातही ती निघाली आहेत.

आतून काळं आणि बाहेरून लाल खापर मिळालं तर चुलीवर करपलं असेल असं समजू नका. भांडं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, पालथं घालून भाजलं की आत हवा जात नाही, तेवढा भाग काळा राहतो. मलाही हे फार उशिरा कळलं.

भाजलेल्या मातीचं ढेकूळही टाकून देऊ नका. एका बाजूला काड्यांचे ठसे असले, तर ती जळालेल्या घराची भिंत. आपण आजही तुराट्यांचा कूड शेणामातीनं लिंपतो, तशीच. जवळजवळ हातभर लांब वीट दिसली तर काळ बहुधा सातवाहनांचा.

रुपया शेजारी ठेवून फोटो काढा, जागा वहीत टिपा आणि खापर होतं तिथंच ठेवा. नाणं, मूर्ती, दागिना सापडला तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

नजर बसवायची तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लामतुरे संग्रहालयात जा. रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी गावातून गोळा केलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं. तिथल्या मातीच्या बाहुल्या समोरून बघून पुढं सरकू नका. बाजूला व्हा, कानामागं बघा: दोन साचे जिथं जुळवले, तिथला सांधा काही बाहुल्यांवर अजून दिसतो.