जोर मे महिन्यात मोजा, अँपिअर जानेवारीत: एरोबॅटिक आरसी विमानाचा प्रोपेलर कसा निवडावा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला की रिमोटने कसरती करणाऱ्या (एरोबॅटिक आरसी) विमानांच्या मैदानावर एक तक्रार हमखास ऐकू येते: "भो, थंडीत हेच विमान नाक वर करून हवेत उभं राहायचं, आता बसत चाललंय." मोटर तीच, बॅटरी तीच. हवा मात्र बदललेली असते. १२ अंशांच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांना हवा सुमारे १० टक्के विरळ असते, आणि तितक्याच आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) प्रोपेलरचा जोर, म्हणजे विमानाला ओढणारी ताकदही साधारण तेवढाच घटतो. म्हणून खानदेशात प्रोपेलर निवडताना दोन्ही टोकांच्या हवेचा हिशेब धरावा लागतो.

आधी आकडे वाचायला शिका. १३×६.५ म्हणजे व्यास १३ इंच, पिच ६.५ इंच. पिच हे बोल्टच्या आट्यांसारखं असतं: हवा घट्ट असती तर एका फेरीत प्रोपेलर किती पुढे सरकला असता, ते अंतर. आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४ केलं की ताशी किलोमीटरमध्ये पिचचा वेग मिळतो. ८,५०० आरपीएमला ६.५ पिचचा वेग साधारण ८४ किलोमीटर.

मग स्वतःला विचारा, आपण नेमकं काय उडवणार? हॉवर (नाक वर करून जागीच उभं राहणं), टॉर्क रोल (तसंच उभं राहून स्वतःभोवती फिरणं), हार्रिअर (नाक बरंच वर ठेवून अगदी हळू उडणं) असली थ्रीडी कामं करायची असतील तर व्यास मोठा आणि पिच त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. मोठे लूप, लांब सरळ रेषा, नाइफ एज (एका कुशीवर उडणं) अशी शिस्तीची उड्डाणं आवडत असतील तर पिच थोडा वाढवा, नाहीतर विमान वेग धरत नाही. दोन्ही हवं असेल तर तडजोड करा, पण व्यासाच्या बाजूने. थ्रॉटल (मोटरला द्यायची ताकद) कमी केल्यावर मोठा, कमी पिचचा प्रोपेलर ब्रेकसारखा धरतो, आणि एरोबॅटिकमध्ये खाली उतरणाऱ्या रेषेवर त्याचाच उपयोग होतो.

सुरुवात मोटर बनवणाऱ्याच्या तक्त्यातल्या मधल्या मापापासून करा. तिथून वर जाताना एक गणित डोक्यात ठेवा: आरपीएम तोच राहिला तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, पिचच्या फक्त सरळ प्रमाणात. १२×६ वरून १३×६ केलंत तर सुमारे ३८ टक्के जास्त शक्ती लागते. १२×७ केलंत तर १७ टक्के. प्रत्यक्षात आरपीएम थोडा पडतो, म्हणून वाढ जरा कमी दिसते, पण ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जाळायला तेवढी पुरते. एका वेळी एकच माप बदला.

आता वॉटमीटर, म्हणजे बॅटरीतून किती अँपिअर आणि वॉट जातात ते दाखवणारं यंत्र. हे नसेल तर बाकीचं सगळं अंदाजपंचे. पूर्ण चार्ज बॅटरी लावा, विमान मागून पक्कं धरायला माणूस ठेवा, स्वतःही प्रोपेलरच्या समोर किंवा रेषेत उभे राहू नका. फुल थ्रॉटल पाच-सात सेकंद. मोटर आणि ईएससी यांपैकी ज्याची मर्यादा कमी, तिच्या ८० टक्क्यांच्या आत अँपिअरचा आकडा हवा. थ्रीडीवाल्यांनी ही मोजणी जास्त मनावर घ्यावी, कारण हॉवरमध्ये विमान जागीच असतं आणि वाऱ्याने थंड होण्याची सोय जवळपास नसते.

इथे बरेच जण उलटं समजतात. उन्हाळ्यात मोटरवर भार वाढत नाही, विरळ हवेमुळे तो थोडा कमीच होतो. गरम होण्याचं कारण वेगळं: भोवतालची हवाच ४५ अंश असेल तर थंड व्हायला वाव कुठे उरतो? त्यामुळे अँपिअरची खरी परीक्षा थंडीच्या सकाळी होते आणि तापमानाची मे महिन्यात. कडक उन्हात उतरल्याबरोबर मोटरला बोट लावून पाहा. तीन सेकंदही ठेवता येत नसेल तर पिच एक इंच उतरवा किंवा काउलमधून (मोटरवरच्या झाकणातून) हवा बाहेर पडायची वाट मोठी करा.

जोर मोजायला बॅगांचा डिजिटल काटा पुरतो. एक टोक शेपटीकडच्या भक्कम जागी, दुसरं खुंटाला बांधा. साध्या एरोबॅटिकला विमानाच्या वजनाइतका जोर चालतो, थ्रीडीला दीडपट तरी हवा, आणि तो मे महिन्यात मिळायला हवा. जानेवारीत काठावर पास झालेला प्रोपेलर उन्हाळ्यात नापास होणारच.

ग्लो इंजिनवाल्यांना (इंधनावर चालणारं छोटं इंजिन) वॉटमीटर नाही, आरपीएम मोजणारा टॅकोमीटर आहे. ०.४६ घन इंचाच्या टू-स्ट्रोकला ११×६ नेहमीचा, थ्रीडीसाठी १२.२५×३.७५. उन्हाळ्यात इंजिनचीही ताकद घटते.

प्रोपेलर कशाचा आहे, हेही पाहा. एपीसी कंपनीच्या पातळ इलेक्ट्रिक प्रोपेलरची आरपीएम मर्यादा १,४५,००० भागिले व्यास अशी काढतात, म्हणजे १३ इंचीला सुमारे ११,१५०. स्लो फ्लायरला (हळू उडणाऱ्या हलक्या विमानांच्या प्रोपेलरला) तोच आकडा ६५,०००, म्हणजे १३ इंचीला फक्त ५,०००. दिसायला सारखे असल्याने लोक स्लो फ्लायर जोरकस मोटरवर चढवतात आणि पातं सुटतं. इलेक्ट्रिकचा प्रोपेलर ग्लो इंजिनवर कधीच नको.

शेवटी जमीन. कापूस निघालेल्या शेतात पऱ्हाटीची खुंटं आणि काळ्या मातीच्या भेगा असतात. शेपूट उचलून विमान सपाट धरलं की पात्याचं टोक जमिनीपासून चार बोटं तरी वर हवं. नसेल तर आधी चाकं मोठी करा, मगच १३ इंचीचा विचार. बॅलन्सरवर (पात्यांचं वजन सारखं आहे का ते पाहायचं साधन) जे पातं खाली जाईल ते मागच्या बाजूने हळूहळू घासा, अक्षरांची बाजू पुढे ठेवून नट आवळा, आणि चीर गेलेला प्रोपेलर चिकटवत न बसता तोडून टाका, म्हणजे घाईत कुणी तो परत लावणार नाही.