नवी डिस्क बसवण्याआधी हब घासा

ब्रेक पॅड आणि डिस्क घरीच बदलणारे बहुतेक जण एका जागी घाई करतात. जुनी डिस्क निघाली की लगेच नवी चढवतात. पण डिस्क जिथे टेकते त्या हबवर गंजाची खपली असते. ती तशीच राहिली तर डिस्क केसभर तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग आपण डिस्कलाच नावं ठेवतो! वायर ब्रशने हब स्वच्छ घासा, बोल्टांच्या मुळाशीसुद्धा. बोट फिरवून बघा, खरखर लागता कामा नये. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, त्याच्या होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. कॅलिपरमधला पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीवर नजर असू द्या, पातळी वर येते आणि सांडलेलं ऑइल रंग खातं. मागच्या चाकांचे काही पिस्टन नुसते दाबून जात नाहीत, फिरवून आत घालावे लागतात. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (कामापुरता हँडब्रेक सोडवून ठेवणारी सेटिंग) लावा.

गाडी जॅक स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर नाही. आणि सगळं झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो.