दुसरा पुरवठादार खरंच ‘दुसरा’ आहे का?

परदेशातून सुटे भाग मागवत असाल, तर प्रत्येक पुरवठादाराला विचारा: तुमचा माल कुठे बनतो, कोणत्या बंदरातून निघतो? बरेचदा दोन वेगळ्या नावांमागे एकच कारखाना निघतो. २०११ साली थायलंडमधल्या पुरात सीगेट या हार्ड डिस्क कंपनीचे स्वतःचे कारखाने बुडाले नाहीत, पण त्यांना भाग पुरवणारे बुडाले आणि हार्ड डिस्कचं उत्पादन अडलंच.

साठा सरसकट वाढवू नका, पैसा अडकतो (गोदामाचं भाडं वेगळंच). ज्याच्यावाचून काम थांबतं आणि ज्याला पर्याय नाही, तोच भाग जादा ठेवा, मग तो साधा स्क्रू का असेना. किती ठेवायचा, हे सरासरी दिवसांवरून नाही, सर्वांत उशिरा आलेल्या खेपेवरून ठरवा. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि आशिया-युरोप प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला.

पर्यायी पुरवठादाराला अधूनमधून छोटी का होईना, खरी ऑर्डर द्या. नमुने, तपासणी, दर यांची बोलणी संकटात सुरू केलीत तर आठवडे जातात. शिवाय तेव्हा तो आधी जुनी गिऱ्हाइकं सांभाळणार.