युरोपातली शालेय एक्सचेंज: नागरिकत्वाचा धडा सहलीत हरवू नये म्हणून या चुका टाळा

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी पालकांच्या हातात मूल आठवी-नववीत गेलं की शाळेचा एक कागद येतो: एक्सचेंजसाठी नाव द्यायचं का? आठवडा-दोन आठवडे दुसऱ्या देशातल्या भागीदार शाळेत, तिथल्या विद्यार्थ्याच्या घरी राहायचं आणि काही महिन्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घ्यायचं. अशा बऱ्याच भागीदाऱ्यांना इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या कार्यक्रमातून पैसे मिळतात, आणि युरोपीय नागरिकत्वाची जाणीव हे त्यातलं एक मोठं उद्दिष्ट असतं. ते गाठलं जातं का, हे मात्र त्या आठवड्याची आखणी कशी केली यावर ठरतं. माझं ठाम मत असं की परक्या मुलाबरोबर बसून काहीतरी ठरवावं लागलं आणि ठरवलेलं निभवावं लागलं, तरच मुलाच्या पदरात काही पडतं. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

आपापल्या देशाची जाहिरात

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. पहिल्या दिवशी जर्मन मुलं किल्ले आणि फुटबॉल दाखवतात, फ्रेंच मुलं चीज आणि आयफेल टॉवर, टाळ्या होतात. मग चार दिवस दोन्ही गट शेजारी शेजारी, पण वेगवेगळे फिरतात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच सांगून ठेवलं होतं की दोन गट नुसते एकत्र आणल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि संस्थेचा पाठिंबा हवा. शाळेच्या एक्सचेंजला हे चारही निकष जसेच्या तसे लावता येतात.

यावर उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून मिश्र गट करायचे आणि त्यांना असा प्रश्न द्यायचा ज्याचं उत्तर एका देशाच्या मुलांकडे नाही. एक प्रश्न हमखास चालतो, तो मतदानाच्या वयाचा. जून 2024 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि माल्टामध्ये सोळाव्या वर्षी मत देता आलं, ग्रीसमध्ये सतराव्या, फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये अठराव्या. म्हणजे एका टेबलाशी बसलेल्या दोन सोळा वर्षांच्या मुलींपैकी जर्मन मुलीला त्याच संसदेसाठी मत आहे आणि फ्रेंच मुलीला नाही. उमेदवारीचं वयही असंच वेगळं: फ्रान्समध्ये 18, इटलीत 25. गटाला सांगायचं, सगळ्या युरोपसाठी एकच नियम लिहा, एका पानात, आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात. पहिला अर्धा तास जो तो आपल्या देशाची बाजू घेतो. पुढे एखादा जर्मन मुलगा म्हणतो की सोळाव्या वर्षी मला काही कळत नव्हतं, फ्रेंच मुलगी म्हणते मला कळतं, आणि बाजू देशांप्रमाणे पडायच्या थांबतात. शिक्षकाने त्या वेळी मध्ये पडू नये. सही अडून राहिली, तर ती का अडली हे त्याच पानावर लिहायला लावावं.

ब्रसेल्स किंवा स्ट्रासबर्गला संसद दाखवायला नेणं वाईट नाही, पण ते या कामानंतर असावं. आधी नेलं तर मुलं इमारतीचे फोटो काढून परत येतात. आणखी एक घोळ टाळा: स्ट्रासबर्गमधली युरोप परिषद ही 46 देशांची वेगळी संघटना आहे, युरोपीय संघाची संस्था नव्हे. मुलांच्या पोस्टरवर ही गल्लत नेहमी दिसते.

पाहुणा करून ठेवणं

स्पेनहून आलेला मुलगा जर्मन घरी पहिल्या संध्याकाळी साडेसहाला टेबलाशी बसतो. समोर पाव, चीज, काकडीच्या चकत्या. त्याला वाटतं हा नाश्ता आहे, जेवण नंतर येईल. त्याच्या घरी रात्री साडेनऊला गरम जेवण होतं. दहा वाजता तो उपाशीपोटी आईला मेसेज करतो, आई शिक्षकांना फोन करते, आणि दुसऱ्या दिवशी यजमान कुटुंब दुखावलेलं असतं. वाईट कोणीच वागलेलं नसतं. यावर सोपा इलाज असा की जाण्याच्या महिनाभर आधी दोन्ही मुलांनी आपल्या एका साध्या मंगळवारचं वेळापत्रक एकमेकांना लिहून पाठवायचं: उठणं, जेवणं, फोन कधी बंद, कचरा कोण टाकतं. शाळांना ऑनलाइन जोडणारं ई-ट्विनिंग अशा देवाणघेवाणीला उपयोगी पडतं. 2005 पासून चालू असलेली ही मोफत सोय 2022 पासून युरोपियन स्कूल एज्युकेशन प्लॅटफॉर्मवर आहे, आणि तिथली प्रकल्पाची जागा सहसा फक्त सहभागी शाळांना दिसते.

शाकाहारी मुलांच्या पालकांनी फॉर्मवर नुसतं ‘शाकाहारी’ लिहून थांबू नये. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही, अंडं चालतं किंवा नाही, असं फोडून लिहावं. काही घरांत मासे किंवा हॅमचे तुकडे मांसात धरत नाहीत.

आता आपल्या घरांबद्दल. मराठी घरात परदेशी मूल येणार म्हटलं की आई रजा टाकते, रोज चार पदार्थ होतात, मुलाला ताटही उचलू दिलं जात नाही. माया खरी असते, पण त्या मुलाला घर कळतच नाही. त्याला पोळपाट-लाटणं हाती द्या, आपल्या मुलाबरोबर बसने पाठवा, संध्याकाळी दोघांना बाजारात धाडा. आणि घर लहान आहे, वेगळी खोली नाही म्हणून नाव न देणाऱ्या पालकांनी आधी शाळेशी बोलावं. युथ हॉस्टेलमध्ये राहून किंवा दोन्ही गटांनी तिसऱ्याच गावी भेटून एक्सचेंज करता येते. तिसऱ्या जागी कोणीच यजमान नसतो, त्यामुळे दर्जाही आपोआप समान होतो. ज्या शाळा फक्त चांगले गुण आणि मोठी घरं असलेली मुलं निवडतात, त्या हा मार्ग पाहतच नाहीत. परिस्थितीमुळे मागे राहणाऱ्या मुलांच्या जादा खर्चासाठी इरॅस्मस प्लसमध्ये वेगळी मदत मागता येते. अर्ज करतानाच ती मागावी.

वर्गात भारतीय पासपोर्ट आहे हे विसरणं

ही चूक मला सर्वांत जास्त लागते. युरोपीय संघाचं नागरिकत्व 1992 च्या मास्ट्रिख्ट करारातून आलं आणि ते फक्त सदस्य देशांच्या नागरिकांना मिळतं. शिक्षक उत्साहाने म्हणतात, आपण सगळे युरोपीय नागरिक. वर्गातली भारतीय, सिरियन, तुर्की पासपोर्टची मुलं गप्प बसतात. त्यांना कायद्यातली खरी जागा दाखवावी. मत नाही, हे स्पष्ट सांगावं. पण युरोपीय संसदेकडे याचिका करण्याचा हक्क सदस्य देशात राहणाऱ्या कोणालाही आहे, पासपोर्ट कुठलाही असो. युरोपीय ओम्बुड्समनकडे, म्हणजे संघाच्या लोकपालाकडे, तक्रारही करता येते. वर्गाची याचिका लिहायला घेतली तर पुण्याहून म्युनिकला आलेल्या घरातली मुलगी आणि तिची जर्मन मैत्रीण सारख्याच हक्काने सही करतात.

कागदपत्रांत तर ही चूक थेट विमानतळावर उघडी पडते. जर्मनीतला वैध रहिवास परवाना आणि पासपोर्ट असेल तर शेंगेन देशांत (आपापसातल्या सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या देशांत) 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, तिथे अडचण नाही. अडतं ते परवान्याचं नूतनीकरण रखडल्यावर. आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे जर्मनीतल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, मिळालेल्या तात्पुरत्या कागदावर प्रवास करून परत येता येतं का, हे त्या कागदाच्या प्रकारावर ठरतं, आणि ते आधी त्याच कार्यालयाला विचारायला हवं. आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत. युरोपीय संघाच्या आत शाळेच्या गटासोबत जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रवाशांच्या यादीचा एक फॉर्म 1994 पासून आहे, त्यामुळे व्हिसाची अट टळू शकते. पण तो शाळेने वेळेत भरावा लागतो, आणि कित्येक शिक्षकांना तो माहीतच नसतो. पालकांनी स्वतःहून विचारावं. ब्रिटनने ही यादी ऑक्टोबर 2021 पासून मानायचं थांबवलं, आणि फ्रान्समधल्या शाळांच्या गटांना 2023 च्या अखेरीस पुन्हा सवलत दिली. म्हणून दरवर्षीचा ताजा नियम पाहावा.

आरोग्य विम्याच्या युरोपीय कार्डातही असाच खाचखळगा आहे. जर्मनीतल्या सरकारी क्रांकेनकासेत (आरोग्य विमा संस्थेत) असलेल्या भारतीय मुलालाही ते कार्ड मिळतं, पण बिगर-युरोपीय नागरिकांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. तिकडे जायचं तर प्रवास विमा वेगळा काढा.

इंग्रजीवरच भागवणं

सगळं इंग्रजीत उरकलं की इंग्रजी बरं असलेली मुलं बोलतात, बाकीची ऐकतात. 1963 मध्ये स्थापन झालेलं फ्रँको-जर्मन युवा कार्यालय टँडेम पद्धतीचा आग्रह धरतं: दोन भाषांची दोन मुलं, आळीपाळीने एक शिकवणारा आणि एक शिकणारा. दिवसातला एक तास पुरतो.

एकाच शिक्षकावर सगळा भार

चांगल्या भागीदाऱ्या बंद पडण्याचं साधं कारण म्हणजे त्या चालवणाऱ्या बाईंची बदली होते किंवा त्या निवृत्त होतात, आणि तिकडच्या शाळेचा पत्ताही त्यांच्याच मेलमध्ये असतो. दोन्ही शाळांत दोन-दोन समन्वयक हवेत, त्यातला एक भाषेऐवजी इतिहास किंवा विज्ञान शिकवणारा असला तर उत्तम, कारण मग एक्सचेंजचं काम त्याच्या तासातही शिरतं. मुलं परतल्यावर दोन महिन्यांचं सामाईक काम आधीच वेळापत्रकात धरावं: ती याचिका पूर्ण करणं, मतदानाच्या वयाचं पान स्थानिक खासदाराला पाठवणं, आलेल्या उत्तरावर दोन्ही वर्गांनी एकत्र ऑनलाइन बसणं. पालक सभेत हा प्रश्न जरूर विचारा: मुलं परत आल्यावर काय करणार आहेत, आणि ते काम कोण पाहणार आहे?